गुणवत्ता मोजणारा हात



हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी लागली की चिमूटभर कापूस हातात घेऊन धागा ओढून पाहिला जातो. धागा किती लांब, ओल किती, कचरा किती, यावर प्रत ठरते आणि प्रतीवर भाव. प्रत पाहू नका, असे आपला शेतकरी कधीच म्हणत नाही. त्याचे म्हणणे एवढेच असते की, पाहणारा हात सरळ असावा आणि माप सगळ्यांना एकच असावे.

माणसाच्या गुणवत्तेबद्दलही हाच प्रश्न आहे. मोठ्या पदावर मागास समाजातली व्यक्ती किंवा एखादी स्त्री पोचली की लगेच कुजबुज सुरू होते, ‘गुणवत्तेवर आले की कोट्यातून?’ गुणवत्ता मोजली कोणी आणि कशी, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आज हा प्रश्न न्यायव्यवस्थेपुरता तपासू या.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. पदवी परीक्षेतील यशामुळे विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. स्त्री म्हणून ती नाकारली गेली. देणग्या गोळा झाल्या, त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे. ते १९२० पासून देऊ लागले. आपल्याकडे स्त्रियांना वकिलीचा दरवाजा उघडला तो १९२३ च्या कायद्याने. म्हणजे गुण १८९२ चे आणि त्यांना मान्यता तीस वर्षांनी!

वर्णाची गोष्टही अशीच. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयक आले. मोफसल भागातील हिंदी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवता यावेत, एवढीच तरतूद. गोऱ्या समाजाने त्यावर काहूर माजवले. हे न्यायाधीश त्याच परीक्षा उत्तीर्ण होऊन आले होते, आक्षेप त्यांच्या कातडीच्या रंगावर होता. अखेर गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे पंच मागण्याची सवलत देऊन तडजोड झाली.

गोरे साहेब गेले, पण मापाचा प्रश्न राहिला. सर्वोच्च न्यायालय १९५० मध्ये स्थापन झाले. तिथे पहिली स्त्री न्यायाधीश, फातिमा बीवी, यायला १९८९ उजाडले. मुंबई उच्च न्यायालयात सुजाता मनोहर १९७८ मध्ये पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या आणि १९९४ मध्ये तिथल्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीशही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एकाच दिवशी तीन महिलांनी शपथ घेतली तेव्हा आपल्याला आनंद झाला. पण जून २०२५ मध्ये बेला त्रिवेदी निवृत्त झाल्यावर तिथे एकट्या बी. व्ही. नागरत्ना उरल्या.

आता आपल्या विदर्भाचे उदाहरण. अमरावतीच्या नगरपालिका शाळेत शिकलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे ते दुसरे दलित आणि पहिले बौद्ध सरन्यायाधीश. २०१९ मध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयासाठी शिफारस करताना कॉलेजियमने नोंदवले होते की, सुमारे दहा वर्षांनी अनुसूचित जातीचे न्यायाधीश या न्यायालयात येतील. त्यांना ज्येष्ठ असलेले न्यायाधीश कमी पात्रतेचे आहेत, असा याचा अर्थ नाही. प्रतिनिधित्वाचा विचार झाला नसता तर आपण कदाचित दोन वर्षे उशिरा आलो असतो, असे गवई यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. उच्च न्यायालयात पंधरा वर्षांहून अधिक काळ न्यायदान केलेल्या माणसाची योग्यता त्याने कमी होत नाही. आणि ते कोणा अनोळखी घरातले नव्हते, वडील रा. सू. गवई मोठे नेते आणि राज्यपाल. २०२४ च्या निकालपत्रात गवई यांनीच लिहिले की, महागड्या शाळेत शिकणारे मूल आणि खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल यांना एका पारड्यात तोलता येणार नाही. मात्र त्यांच्याच कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयात एकाही महिलेची नेमणूक झाली नाही, हेही सांगायला हवे.

हे असे का होते? दरवाजे दोन आहेत. कनिष्ठ न्यायालयात परीक्षा असते, जाहिरात निघते, नियम छापलेले असतात, आरक्षणही असते. तिथे देशभरात महिलांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेले आहे. वरच्या न्यायालयांत परीक्षा नाही, जाहिरात नाही, आरक्षण नाही. १९९३ पासून न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात. केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे २२, जमातींचे १६ आणि इतर मागासवर्गाचे ८९ होते. जिथे माप उघड्यावर आहे तिथे माणसे पुढे येतात. जिथे ओळखीतून नावे सुचतात तिथे ओळखीचीच माणसे दिसतात. यात कोणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. ज्याला आपण रोज भेटतो, त्याचीच हुशारी आपल्या नजरेत भरते.

आणि या दोन्ही दरवाजांच्या आधी एक रस्ता आहे. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी याच हिंगणघाटात कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. आठवडाभराने ती गेली. १० फेब्रुवारी २०२२ रोजी, तिच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, आपल्याच गावच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. शिकलेली, नोकरीला लागलेली मुलगी. तिच्या गुणवत्तेत काय कमी होते? त्यानंतर किती घरांत मुलीला ‘एकटी जाऊ नको’ म्हटले गेले असेल, याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नसते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभव हवा, हे खरेच. पण शेतमजुराच्या मुलीने सनद घेऊन तीन वर्षे ज्येष्ठ वकिलाकडे काढायची, तर जाण्यायेण्याचे भाडे कोण देणार? बार कौन्सिलने २०२४ मध्ये ग्रामीण भागातील ज्युनिअरला दरमहा १५ हजार रुपये विद्यावेतन सुचवले. ती केवळ सूचना होती, सक्ती नव्हती.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. आपल्या तालुक्यातील ज्येष्ठ वकिलांनी ज्युनिअर मुलीला काम शिकवावे, तसेच महिन्याचे पैसेही हातावर ठेवावेत. तिला नुसत्या तारखा घ्यायला उभे करू नये, युक्तिवादाला उभे करावे. पक्षकारांनीही ‘बाईला केस नको’ म्हणू नये. वरच्या नेमणुकांसाठी कोणाची नावे विचारात आली आणि का गळाली, हे लेखी कळावे. उद्या उच्च न्यायालयासाठी नावे सुचवली जातील, ती आज युक्तिवाद करणाऱ्यांतूनच. आज तिला उभेच केले नाही, तर उद्या ‘लायक बाई सापडत नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.



(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)