केसपेपर कोणाच्या कामी?





थंडी सुरू होते तसा इथे बोस्टनमध्ये आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूचा हंगाम येतो. मोठ्यांना साधी सर्दी होते, पण तान्ह्याची छाती घरघरते, बरगड्या आत ओढल्या जातात, दूध पिणं सुटतं. म्हाताऱ्यांनाही हा विषाणू सोडत नाही. २०२३ मध्ये बाळांसाठी निर्सेव्हिमॅबचं इंजेक्शन आणि साठीपुढच्यांसाठी लस आली. लशीच्या चाचण्यांत खूप थकलेली, अनेक व्याधींची माणसं मात्र थोडीच होती. प्रत्यक्षात काय घडतं, ते सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या ‘व्हिजन’ जाळ्यातल्या रुग्णालयांच्या नोंदींनी दाखवलं. श्वसनाच्या त्रासाने भरती झालेल्यांपैकी आरएसव्ही निघालेले आणि न निघालेले वेगळे केले, लस कोणी घेतली होती ते ताडून पाहिलं. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांत भरती टळण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आलं. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या बिलांतून गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा किंचित वाढलेला धोकाही दिसला आणि जानेवारी २०२५ मध्ये एफडीए या औषध-नियामक संस्थेने त्याचा इशारा माहितीपत्रकात घालायला लावला. लाभ लपला नाही, धोकाही नाही. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

म्हणूनच रुग्णांच्या नोंदी अशा वापरण्यातली जोखीमही इथे बोलायला हवी. नदीपलीकडच्या केंब्रिजमधली गोष्ट आहे. १९९० च्या दशकात लाटान्या स्वीनी या एमआयटीच्या विद्यार्थिनीने मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या, नावं काढलेल्या आरोग्यनोंदी २० डॉलरच्या मतदारयादीशी जुळवल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण, त्यांत पुरुष तीन, त्यांच्या झिपकोडचा एकच! नाव नसूनही नोंद कोणाची ते उघड झालं. आज हिपा या आरोग्य-गोपनीयता कायद्याच्या नियमांत १८ ओळखचिन्हं काढून नोंद निनावी करण्याची सोय आहे. तशी केली की रुग्णाला विचारायची सक्ती राहत नाही. विचारणं जमत नसेल, तर निदान सांगावं, असं मला ठामपणे वाटतं : ‘तुमच्या कागदांतून आम्हाला हे कळलं’, दवाखान्याच्या भिंतीवर, त्याला वाचता येईल अशा भाषेत.

आणखी एक. लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले आपले आई-बाबा मेडिकेअरमध्ये नसतात. त्या बिलांच्या हिशेबात त्यांची लस नाही, त्यांचं आजारपणही नाही. त्यांना मोजायचं कसं आणि मोजताना त्यांची ओळख कशी राखायची, हा प्रश्न आजच्या चर्चेत आपण सर्वांनी घ्यावा, ही यजमान म्हणून माझी आग्रहाची विनंती.