यंदाचा नाटकांचा हंगाम आणि आपलें कर्तव्य

(झाडीपट्टींतील एका गांवच्या तरुण मंडळाच्या सभेंत प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



हलक्या धानाची कापणी आटोपली आहे, भारी धान अजून बांधींत उभें आहे, आणि दिवाळी आठ दिवसांवर आली आहे. अशा वेळीं आपल्या मुलखांत घरोघर एकच बोलणें निघतें, तें म्हणजे यंदा नाटक कोणतें आणावयाचें. त्याचाच विचार करण्यासाठीं ही सभा आहे. मंडळानें मला दोन शब्द बोलावयास सांगितलें. मी कोणी पंडित नव्हे. अध्यापक विद्यालयांत शिकलों, वीस वर्षें याच भागांतल्या पोरांना शिकविलें, आणि पंधरा हंगाम पडद्याआड बसून पात्रांना वाक्यें सांगितलीं. तेवढ्याच अधिकारावर बोलतों. गोड बोलणारे तुम्हांस पुष्कळ भेटतील. मी आज हिशेब बोलणार आहें.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील जंगलाच्या व धानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. भाऊबिजेपासून गांवोगांव मंडई भरते, पुढें शंकरपट लागतात, आणि मंडईच्या किंवा पटाच्या रात्रीं नाटक होतें. हा क्रम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. ही वेळ कोणा राजानें ठरवून दिली नाहीं, ती धानानें ठरविली. पावसाळाभर चिखलांत वाकलेल्या माणसाच्या हातांत पैसा आणि पाठीला विसांवा याच दिवसांत मिळतो. कोंकणांत भातकापणीनंतर दशावतारी मंडळ्या गांवोगांवच्या जत्रांना निघतात, त्याचेंही कारण हेंच.

नाटकाच्या आधीं आपल्याकडे दंडार होती. गांवचेच गडी नाचत, गात, आणि बायकांचीं सोंगेंही पुरुषच घेत. माझे वडील रात्रीं लुगडें नेसून दंडारींत उभे राहत, आणि सकाळीं त्याच हातांनीं नांगर धरीत. कोणी त्यांस हिणविलें नाहीं. पुढें पडदे आले, पेटी-तबला आला, लिहिलेलें नाटक आलें, आणि बाईचें काम बाईच करूं लागली. आज गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज, ज्यास आपण वडसा म्हणतों, तें या धंद्याचें मुख्य ठाणें झालें आहे. नाटक मंडळ्यांचीं कार्यालयें तेथें आहेत, आणि गांवचीं मंडळें तेथें जाऊन तारीख व रक्कम ठरवितात. रात्रीं उशिरां पडदा उघडतो तो पहांटेपर्यंत मिटत नाहीं. गाणें समोर गातात, वाद्यें समोर वाजतात. शेतकऱ्याचें कर्ज, हुंडा, दारू, भावाभावांचीं भांडणें, हे आपल्याच घरचे विषय तेथें दिसतात. ज्या मायला वाचतां येत नाहीं तिलाही ते कळतात. या रंगभूमीची सेवा केलेले गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. तेव्हां आपली कला गांवढळ आहे असें म्हणून आपणच मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.

पण बंधूंनो, मान वर ठेवावयाची तर वागणेंही तसें पाहिजे.

आधीं पैशाची गोष्ट. नाटक मंडळी आपली ठरलेली रक्कम घेते. तिकिटें खपोत वा न खपोत. मंडप, पत्रकें, वीज, पात्रांचें जेवण हा खर्च वेगळा. म्हणजे जोखीम सगळी गांवाची. गेल्या वर्षीं आपण तीन नाटकें आणलीं. नफ्यांतून शाळेला कुंपण घालूं असें याच ठिकाणीं बसून ठरलें होतें. पहिलें नाटक भरलें. दुसऱ्या नाटकाच्या रात्रींच शेजारच्या दोन गांवीं नाटकें होतीं, म्हणून आपला मंडप अर्धा रिकामा राहिला. आधीं चौकशी केली असती तर तारीख बदलतां आली असती. तिसऱ्याचीं फुकट सोडलेलीं माणसें तिकीटवाल्यांहून अधिक होतीं. अखेर तोटा भरण्यास घरटी वर्गणी काढावी लागली. एका विधवा मायनें कापणीच्या मजुरींतून ती दिली. तिनें तिकीट काढून नाटक पाहिलें होतें, आणि फुकट पाहणारांचा तोटाही तिनेंच भरला. कुंपण झालें नाहीं. शाळेच्या आवारांत आजही गुरें शिरतात. हिशेब कोणी मागितला नाहीं. मीही मागितला नाहीं, कारण चिटणीस माझाच विद्यार्थी आणि त्याला वाईट वाटेल ही भीड. भीडेपायीं मीं गांवाचें नुकसान केलें, हें मी आज कबूल करतों.

दुसरी गोष्ट पैशाहून जड आहे. तिसऱ्या रात्रीं नायिकेचें काम करणारी बाई तापानें फणफणली होती. आदल्या रात्रीं दुसऱ्या गांवीं पहांटेपर्यंत उभी राहून, मग गाडींत बसून ती येथें आली होती. उतरण्यास आपण शाळेची खोली दिली. तिच्या दाराला आंतून कडी नव्हती. पाणी तापवावयास ती माझ्या घरीं आली. माझ्या मंडळीनें तिला पेज करून दिली व आज काम करूं नको म्हणून सांगितलें. ती म्हणाली, "वहिनी, उभी राहिलें नाहीं तर आजच्या रात्रीचे पैसे नाहींत." रात्रीं ती उभी राहिली. दुसऱ्या अंकांत गातांना तिचा आवाज फाटला. तेव्हां पुढें बसलेल्या चौघा दारुड्यांनीं शिट्ट्या मारल्या, घाणेरडे शब्द टाकले, आणि "गाणें पुरे, नाचव" म्हणून ओरडले. ते परगांवचे नव्हते. मी पडद्याआड पुस्तक धरून बसलों होतों. पुढें येऊन त्यांस गप्प करण्यास दोन पावलें टाकावीं लागलीं असतीं. तीं मीं टाकलीं नाहींत. पहांटे गाडींत चढतांना त्या बाईनें मला विचारलें, "गुरुजी, कोठें वाक्य तर चुकलें नाहीं ना?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

जी बाई आपल्या गांवीं येऊन सीतेचें, शेतकऱ्याच्या बायकोचें, आपल्या आईचें काम करते, तिला आपण पाहुणी मानतों कीं विकत आणलेली वस्तु मानतों? आपल्या घरच्या मुली पुढच्या रांगेंत बसून ते शब्द ऐकत होत्या. आमच्या शाळेंतली एक मुलगी फार चांगली गाते. तिला नाटकांत गावयाचें आहे. त्या रात्रीनंतर तिच्या बापानें तिचें गाणें बंद केलें. त्या बापाला मी काय सांगूं?

कोणी म्हणेल, मास्तर, मग नाटकच बंद करा. नाहीं. २०२० सालीं करोनाची साथ आली आणि पडदे मिटले. तो हिवाळा आठवा. मंडईला लेकी माहेरीं आल्या नाहींत, पाहुणे आले नाहींत, सोयरिकी जुळल्या नाहींत. त्याआधीं मे २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या वर्षांत पटाची गर्दी नव्हती, तरीही झाडीपट्टीनें नाटक सोडलें नाहीं. जें एवढ्या अडचणींत टिकलें तें आपल्या बेशिस्तीनें बुडवावयाचें काय? दुखणें बैलाच्या खुराला असेल तर शहाणा शेतकरी खूर धुतो, बैल विकीत नाहीं.

म्हणून माझ्या पांच सूचना आहेत. पहिली, यंदा तीन नव्हे, एकच नाटक आणावें, आणि शेजारच्या गांवांच्या तारखा विचारून मगच रक्कम ठरवावी. दुसरी, नाटक निवडण्याआधीं त्याची गोष्ट काय आहे हें विचारून घ्यावें, आणि निवडणारांत दोन बाया असाव्यात. निव्वळ उघड्यावाघड्या नाचाच्या जाहिरातीवर भुलूं नये. तिसरी, तिकिटाशिवाय कोणी आंत जाऊं नये. सरपंच नाहीं, पाटील नाहीं, मास्तरही नाहीं. जमाखर्च दुसऱ्या दिवशीं शाळेच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे लेकरेंही तो वाचून घरीं सांगतील. चौथी, पात्रांस कडीची खोली, गरम पाणी आणि वेळेवर जेवण मिळावें. कोणी आजारी पडलें तर त्याची रात्र कापूं नये, ही अट रक्कम ठरवितांनाच मंडळीच्या मालकाकडून कबूल करून घ्यावी. पांचवी, दारू पिऊन येणारास दारांतच परत पाठवावें, मग तो कोणाचाही पोर असो.

आणखी एक मागणें आहे. मंडईच्या रात्रीं मुख्य नाटकाच्या आधीं तासभर गांवच्या मुलामुलींची दंडार व्हावी. म्हातारे अजून आहेत. त्यांना पावलें व गाणीं येतात. ते गेल्यावर शिकविणारा कोणी राहणार नाहीं. ती गाणारी मुलगी त्यांत पहिल्यानें उभी राहावी अशी माझी इच्छा आहे. तिच्या बापाकडे मी उद्यां जाणार आहें. माझ्याबरोबर गांवचे चार वडीलधारे आले आणि "तुझी पोर ती आमची पोर" असें त्यांनीं त्याला सांगितलें, तर तो ऐकेल.

फळ्यावरचा हिशेब मी स्वतः लिहीन. आणि यंदा पडद्याआडचें पुस्तक दुसऱ्या कोणाच्या हातीं द्या. मी दारावर उभा राहीन. गेल्या वर्षीं न टाकलेलीं दोन पावलें यंदा टाकीन. कोण कोण बरोबर येतां तें येथेंच हात वर करून सांगा.