काळी चारच्या पट्टीत



क्युपर्टिनो म्हटलं की ॲपल आठवतं. 1984 साली इथल्या डी अँझा कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये मॅकिंटॉश संगणक जगापुढे आला. पण नव्या यंत्रांच्या याच मुलखात काही वादक त्याआधीच जुन्या वाद्यांकडे वळले होते. 1981मध्ये हार्पसिकॉर्डवादक लॉरेट गोल्डबर्ग यांनी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात फिलहार्मोनिया बरोक ऑर्केस्ट्रा उभा केला. अठराव्या शतकातलं संगीत त्या काळच्या वाद्यांवर, किंवा त्यांच्या बरहुकूम घडवलेल्या वाद्यांवर वाजवायचं, हा त्यांचा नेम.

इथे व्हायोलिनला आतड्याची तार असते, बासरी लाकडाची असते. हॉर्नला झडपा नसतात. ओठांचा दाब आणि हॉर्नच्या पसरट तोंडात घातलेला हात यांवरच वादक स्वर काढतो. आजचे ऑर्केस्ट्रा ‘ए’ हा स्वर साधारण सेकंदाला 440 कंपनांवर लावतात, बरोक संगीताला ही मंडळी बहुधा 415वर. आपल्या पेटीवर सांगायचं तर पांढरी सहा सोडून काळी चार.

अर्ध्या स्वराचा हा उतार गाणाऱ्याला फार मोलाचा. आपल्याकडे गायकाच्या गळ्याला सोसेल ती पट्टी धरतात आणि साथीची वाद्यं तिथे मिळवतात, म्हणून आपल्याला हे चटकन उमगावं. शिवाय आतड्याच्या तारेचा नाद स्पष्ट उमटतो आणि लवकर विरतो. त्यामुळे तीस-चाळीस जणांचं वृंदगान झाकलं जात नाही, शब्दन् शब्द कानी येतो. मला या वाद्यांचं खरं थोरपण इथे वाटतं.

ध्वनिमुद्रणात मात्र हीच तार कसोटी पाहते. हवेतल्या दमटपणाने ती चढते-उतरते, आणि वादकांना मिरजेच्या तंबोऱ्यासारखी पुनःपुन्हा मिळवावी लागते.

निकोलस मॅकगेगन यांच्या संचालनाखाली या वाद्यवृंदाने 1989मध्ये संगीतकार हँडेलचं ‘सुझॅना’ हे ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनयाविना गायलं जाणारं संगीतनाट्य, ध्वनिमुद्रित केलं. वृंदगान बर्कली विद्यापीठाच्या गायकांचं, नायिका लॉरेन हंट. ही गायिका आधी व्हायोला वाजवायची, तेही आपल्या शेजारच्या सॅन होजेच्या ऑर्केस्ट्रात. तिच्या गाण्यात वाक्य कुठे उचलायचं आणि कुठे सोडायचं याची जी जाण आहे, ती मला वाद्यावर मुरलेली वाटते.

पुढे याच मंडळींनी हँडेलचं ‘थिओडोरा’ केलं. 1750मध्ये लंडनला ते पडलं होतं. पण त्याच्या दुसऱ्या अंकाअखेरचं वृंदगान हँडेलला स्वतःच्या प्रसिद्ध ‘हॅलेलुया’हूनही सरस वाटे, असं संहिताकार थॉमस मोरेल यांनी नोंदवलंय. विधवेचा मेलेला मुलगा येशूने उठवला, ती कथा त्यात आहे. सुरुवात संथ, काळोखी. मग मुलाला उठवताना लय एकदम जागी होते. ध्वनिमुद्रण मिळवून ते वृंदगान जरूर ऐका. आणि ऐकताना एकदा तरी लक्ष फक्त खालच्या तारांवर ठेवा.