वाळूमाशी आणि चांदीपुरा



डास कोणास ठाऊक नाही? त्याची गुणगुण कानाशी येताच झोपलेले मूलही हात झटकते. परंतु डासाहून पुष्कळच लहान, अंगभर केस असलेली, मातकट रंगाची एक माशी खेडोपाडी वावरत असते आणि तिची चाहूलही लागत नाही. हीच वाळूमाशी. नाव वाळूचे, पण तिचा संसार चालतो गोठ्याच्या ओलसर मातीत आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत. लांबी अवघी दोन-तीन मिलिमीटर. उडणे म्हणावे तर त्या टुणटुण उड्याच. त्यामुळे ती फार उंच जात नाही. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून मात्र सहज आत शिरते. अंडी पाण्यात न घालता ती ओल्या मातीत घालते. म्हणून डबकी बुजविली तरी तिचे काही बिघडत नाही. चावते ती मादीच, कारण अंड्यांसाठी तिला रक्त हवे असते.

या क्षुद्र कीटकाचा अपराध सिद्ध करण्यास विद्वानांना दीर्घ काळ लागला. बंगाल, बिहार व आसाम या भागांत काळा आजाराने गावेच्या गावे ओस पाडली. त्याचा जंतू १९०३ साली लिशमन व डोनोव्हन यांनी प्रसिद्धीस आणला. १९२४ साली कलकत्त्यास तो वाळूमाशीच्या पोटात वाढताना आढळला. तरीही माशीच्या दंशाने माणसास रोग जडल्याचा पुरावा मिळेना. अखेर रक्त प्यायलेल्या माशीला पुढे बेदाण्यांच्या रसावर ठेवले असता जंतू जोमाने वाढतात, असे दिसून आले. त्या युक्तीने १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी, स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून, ही गोष्ट निर्विवाद ठरविली. एवढ्या मोठ्या कोड्याचा उलगडा बेदाण्यांनी करावा, हे नवलच!

महाराष्ट्राचा या माशीशी संबंध वेगळ्या रोगाने जडला आहे. १९६५ साली नागपूरकडे तापाची साथ असता पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रुग्णांचे रक्त तपासले. दोघांच्या रक्तात एक अपरिचित विषाणू सापडला. गावावरून त्यास चांदीपुरा हे नाव मिळाले. पुढे बरीच वर्षे तो विस्मृतीत गेल्यासारखा होता. २००३ साली मात्र एकट्या आंध्र प्रदेशात ३२९ बालके मेंदूच्या विकाराने आजारी पडली; त्यांतील १८३ दगावली. त्या साथीचे कारण हा विषाणू असल्याचे तपासात दिसून आले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा उद्भवला.

याचे भक्ष्य प्रामुख्याने पंधरा वर्षांखालील मुले, म्हणजे आपल्या हजेरीपटावरचीच. सकाळी खेळणाऱ्या मुलास एकाएकी ताप भरतो, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. कधी एकदोन दिवसांतच सारे आटोपते. या रोगावर लस नाही, खात्रीचे औषध नाही. वेळेवर मिळालेली रुग्णालयातील शुश्रूषा हाच आधार. अंगाऱ्याधुपाऱ्यात गेलेला एक प्रहरही महागात पडतो.

म्हणून पावसाळ्यापूर्वी घराच्या व शाळेच्या भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात, उकिरडा वस्तीपासून दूर न्यावा, गोठ्यालगत मुलांना निजवू नये. फवारणीचे पथक आले असता गोठा वगळू देऊ नये. लोक नेमका तोच वगळावयास सांगतात. झटके आलेल्या मुलास कुशीवर वळवावे, तोंडात पाणी वा औषध घालू नये आणि त्वरित रुग्णालयात न्यावे. ताप केव्हा भरला व झटका केव्हा आला, हे गुरुजींनी चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. डॉक्टर प्रथम तेच विचारतात.