अंगणातला मोती इमारतीत आला तेव्हा

मी द्रोणागिरीहून बोलतेय. आज हप्ता, कर्ज, बँक यातलं काही नाही. आज आमच्या मोतीविषयी बोलायचंय. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बाईला कुत्रा कुठून आठवला? पण त्याच्यापायी आमचा गट मोडायची वेळ आली होती, म्हणून सांगते.

आमच्या उरण तालुक्यातल्या जमिनी सिडकोकडे गेल्या. 1989 साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि 2024 च्या जानेवारीत द्रोणागिरीला लोकल आली. अंगणाची घरं सोडून बरीच माणसं इमारतीत राहायला गेली. आम्हीही मोतीला घेऊन चौथ्या मजल्यावर आलो.

अंगणात मोती भुंकला की सासूबाई म्हणायच्या, "गुणाचा आहे हो!" आणि भाकरीचा तुकडा टाकायच्या. इथे तोच गुण अवगुण झाला. लिफ्टचं दार वाजलं, जिन्यात चप्पल वाजली, रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरने हॉर्न दिला, की याचं सुरू. शेजारच्या ताई आमच्याच गटातल्या. त्यांच्या घरी तान्हं बाळ. दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. मग एक दिवस म्हणाल्या, "वहिनी, बाळ झोपत नाही हो. मी गट सोडते."

घरात बोलणं सुरू झालं, मोतीला बंदराच्या रस्त्याला सोडून येऊ. पण पाळलेलं जनावर उपाशी तडफडायला टाकून देणं हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी मन झालं नसतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं, "तो खोडकर नाही. कुत्र्याला आपल्याला न येणारे बारीक आवाजही ऐकू येतात. तुम्ही ओरडलात तर त्याला वाटतं, घरचेही माझ्यासोबत भुंकतायत."

मग उपाय काय? दाण्याचा डबा वाजला की कोंबड्या धावत येतात ना? आवाज झाला की खाणं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तसंच इथे करायचं.

लिफ्टच्या दाराचा आवाज मोबाइलवर भरून घ्या. अगदी हळू लावा. कुत्र्याने कान टवकारावेत, पण भुंकू नये इतका हळू. आवाज आला की लगेच हरभऱ्याएवढा खाऊ द्या, उकडलेल्या कोंबडीचा किंवा भाकरीचा तुकडा. आधी आवाज, मग खाऊ. आवाज थांबला की खाऊही बंद. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. दिवसागणिक आवाज थोडा थोडा वाढवा. भुंकला तर समजा, आपण घाई केली. पुन्हा हळू आवाजावर या. कांदा, मनुका, चॉकलेट मात्र देऊ नका, ते कुत्र्याला विषासारखं.

सोबत आणखी दोन गोष्टी. सकाळ-संध्याकाळ त्याला पट्टा बांधून भरपूर फिरवा, दमलेला कुत्रा निवांत झोपतो. त्याचं गोणपाट दारापासून लांब, आतल्या खोलीत टाका. मारणं, तोंड बांधणं, विजेचा झटका देणारा पट्टा, यातलं काही नको. त्याने भीती वाढते, आणि घाबरलेला कुत्रा चावतो. एखादा शांत कुत्रा अचानक भुंकायला लागला, तर दुखणं असू शकतं, आधी डॉक्टरांना दाखवा. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हाच सराव महिनाभर आधी सुरू करा.

मी शेजारच्या ताईंकडे गेले, माफी मागितली, बाळाच्या झोपेच्या वेळा विचारून घेतल्या. त्या वेळा सोडून सराव केला. मोबाइलचा आवाज मोतीच्या अंगवळणी पडल्यावर खऱ्या लिफ्टची पाळी आली. दार उघडायला-लावायला बाहेर कोण उभं राहिलं असेल? त्याच ताई, बाळाला कडेवर घेऊन!

दोन महिने लागले. आजही बेल वाजली की मोती दोनदा भुंकतो. मग माझ्याकडे बघतो, खाऊ मिळेल म्हणून. तेवढं चालतं. भुंकायला भाकरी देऊन आपणच शिकवलं होतं, तर गप्प राहायलाही आपणच शिकवायला हवं. यंदा पुढची बैठक ताईंच्या घरी आहे.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.