स्टिरॉइड : भीती नको, मनमानीही नको



रमजान जवळ आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का?" विचारणाऱ्याची मला काळजी वाटत नाही, न विचारता बंद करणाऱ्याची वाटते. गोळी स्टिरॉइडची असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

आधी एक गैरसमज दूर करू. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी काही जण घेतात ते स्टिरॉइड वेगळं, ते पुरुषी संप्रेरकाच्या जातीचं. आपण बोलतोय ते प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन या औषधांबद्दल.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसोल तयार करते. साखर आणि रक्तदाब सांभाळणं, आजारपणाचा ताण झेलणं ही त्याची कामं. स्टिरॉइड म्हणजे याच कॉर्टिसोलची माणसाने केलेली नक्कल. ते पेशीच्या आत जाऊन सूज आणणारी यंत्रणा थंड करतं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल या संशोधनाला मिळालं. आज दमा, संधिवात, ल्युपस, गंभीर अ‍ॅलर्जी, मुलांचा नेफ्रोटिक सिंड्रोम, अशा कितीतरी आजारांत हे औषध लागतं.

पण सूज दाबणारं औषध प्रतिकारशक्तीही दाबतं. जास्त मात्रा बरेच दिवस घेतली तर साखर आणि रक्तदाब वाढतो, चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, झोप उडते. कोविडमध्ये आपण दोन्ही बाजू पाहिल्या. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने वाचवलं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नाही. आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळी बुरशी पसरली, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही त्यामागची मोठी कारणं होती.

आता मूळ मुद्दा. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीरातली ग्रंथी काम थांबवते. साधारण तीन आठवड्यांहून जास्त दिवस गोळ्या घेतल्या असतील आणि त्या एकदम बंद केल्या, तर ग्रंथी लगेच जागी होत नाही. माणूस गळून जातो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यूही येतो. म्हणून ही गोळी डॉक्टर हळूहळू कमी करतात.

मग रोज्याचं काय? दिवसातून एकदाची गोळी बऱ्याच जणांना सहेरीच्या जेवणानंतर घेता येते, दम्याचा रोजचा पंप सहेरी आणि इफ्तारनंतर. पण हे प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. दिवसा पंप घेतल्याने रोजा तुटतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. धाप लागली असेल तेव्हा मात्र आधी पंप घ्यायचा, मसला नंतर विचारायचा. आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. कायमच्या आजाऱ्यासाठी फिदयाची वाट आहे. सवलत घेणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे.

पंपाला घाबरू नका. २०० मायक्रोग्रॅमचा पंप आणि ४० मिलिग्रॅमची गोळी यांत दोनशे पटींचा फरक आहे. पंप घेतल्यावर चूळ तेवढी भरा.

घाबरायचं असेल तर गोरं होण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या क्रीमला घाबरा. त्यातल्या अनेकांत स्टिरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ आणि लाल होते, पुरळ येतं, क्रीम थांबवलं की आग होते. नायट्यावर लावलं तर खाज थांबते आणि नायटा पसरतो. बहिणीच्या लग्नाआधी घरात अशी ट्यूब आली असेल, तर ती कोणी लिहून दिली एवढं विचारा.

आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांच्या, दादी-नानीच्या गोळ्यांची पाकिटं पाहा. 'सोलोन' किंवा 'सोन'ने संपणारं नाव दिसलं, तर ती गोळी कशासाठी आहे, किती दिवस घ्यायची आणि कशी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा. हे काम घरात तुम्हीच करू शकता.

खुदा हाफिज.