दर दोन तासांनी कूस

(कोजागरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं की बँकेतल्या गमतीजमती सांगा. त्या पुढच्या कोजागरीला. आज मी अंथरुणातल्या जखमेबद्दल, म्हणजे बेडसोअरबद्दल बोलणार आहे. मसाला दुधाआधी काढावा असा हा विषय नाही, याची मला कल्पना आहे. पण आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, तशी आपल्यालाही झाली. तेव्हा चाळिशी-पन्नाशीत राहायला आलेले आपण आता कुठे आहोत ते बघा. आमच्या सौभाग्यवतींची परवानगी घेतली आहे. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. मी रोज सकाळी नऊ ते रात्री आठ तिच्या उशाशी बसून असे. सलाईन किती गेलं, गोळी कधी दिली, सगळं वहीत टिपलेलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माकडहाडापाशी जळजळतंय हो." मी म्हणालो, "झोपून झोपून होणारच." पांघरूण सरकवून एकदा बघावं, हे सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. बायकांच्या वॉर्डात संकोच वाटला. सहाव्या दिवशी कपडे बदलताना मावशींनी हाक मारली, "काका, हे बघा." बशीएवढा भाग काळानिळा पडला होता आणि मधली कातडी गेली होती. पंधरा दिवसांत ती वॉकर घेऊन चालू लागली. ती जखम भरायला चार महिने लागले. रोज ड्रेसिंग, आणि ड्रेसिंगच्या वेळी मी गॅलरीत जाऊन उभा.

मला वाटलं, हे आपलंच नशीब. मग वाचत गेलो. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हॉस्पिटलातल्या प्रौढ रुग्णांपैकी १२.८ टक्क्यांना अशी इजा आढळली. म्हणजे आठांत एक! आठांत एक खातं बुडीत निघालं असतं तर आमच्या शाखेला टाळंच लागलं असतं.

हे होतं कसं? हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तिथे रक्त पोचत नाही. आपण झोपेत नकळत कूस बदलतो, म्हणून आपल्याला काही होत नाही. भूल, गुंगी, अशक्तपणा, मधुमेहाने आलेला बधिरपणा यामुळे आजाऱ्याला ते कळत नाही, किंवा कळलं तरी वळता येत नाही. त्यात ओलं डायपर, आणि पोटात अन्न नाही. पलंगाची डोक्याची बाजू उंच केली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड सरकतं. तो ताण वेगळाच. आणि बरेचदा नुकसान हाडाजवळ आधी सुरू होतं, वर दिसतं नंतर. आपल्याला दिसतो तो सहावा दिवस.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की बेडसोअर झाला तर दोष बहुधा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. बाईंपुढे मी कोण? पण मी हिशोब मांडला. आमच्या वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे अठरा खाटा होत्या. त्यातल्या निम्म्यांना स्वतः वळता येत नाही असं धरा. नऊ जण, दर दोन तासांनी एकदा, बारा तासांत चौपन्न वेळा. शिवाय माणूस नीट वळवायला दोन माणसं लागतात. ओढून वळवलं तर कातडी आणखी सोलते. ती मुलगी इंजेक्शनं कधी देणार? तिच्यावर चिडायचा मला हक्क नव्हता. मी अकरा तास रिकामा बसलो होतो.

आता कामाचं. रोज पाठ, माकडहाड, खुबे, टाचा बघा. नळी असेल तर कानामागेही बघा. लाल डागावर बोट दाबा. दाबल्यावर तो फिका पडला नाही तर लगेच सिस्टरला बोलवा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा: गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं का. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्या. दुखऱ्या जागी चोळू नका. मी खोबरेल तेल चोळणार होतो! बसायची रबरी रिंगही घेऊन आलो होतो. तिच्या कडांचा दाब उलट वाढतो, ती वापरू नये. खुब्याच्या ऑपरेशननंतर कोणत्या कुशीवर वळवायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि आजारी माणूस 'जळजळतंय' म्हणाला तर पांघरूण काढून बघा, मग वॉर्ड कुठलाही असो.

आमच्याकडची हवेची गादी आता सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे, पंपासकट. किल्ली वॉचमनकडे आहे. ती घातली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, एवढं लक्षात ठेवा. नेताना वहीत नाव लिहा, परत आणताना पुसून आणा. दोन वर्षांत पाच घरांनी नेली. वही अर्थात मीच घातली आहे.

सौभाग्यवती खूण करताहेत, दूध निवतंय.